न मोजलेल्या मापाचा रकाना कोरा सोडा

पत्र, थोडक्यात: "मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी इंजिनिअर आहे. वय २६. वडील एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. दुसऱ्याच्या रुपयाला हात लावायचा नाही, ही घरची शिकवण. आमच्याकडे पाळीला एक इन्स्पेक्टर, सहा लॉट (मालाचे गट), प्रत्येक रिपोर्टवर पाच नगांची बारा मापं, शिवाय चार मशीनवर दर दोन तासांनी फेरी. गेले तीन महिने डिस्पॅचच्या रिपोर्टमधली बरीच मापं न घेताच भरली जातात. साहेब म्हणतात, 'गाडी लागलीय, आकडे टाक. आपला माल कधी परत आलाय का?' माणूस म्हणून साहेब वाईट नाहीत; वडिलांच्या ऑपरेशनला त्यांनीच कंपनीतून ॲडव्हान्स मिळवून दिला. माझ्या हाताखालचे दोन इन्स्पेक्टरही आता तसंच करतात. माझ्याबरोबर लागलेला एक मुलगा, त्यांचं घरचं दुकान आहे, तो साहेबांना सरळ नाही म्हणतो. मला ते जमत नाही. दोष माझ्या घडणीत आहे की साहेबांत? आणि आता मी काय करू?"

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाची घाई आहे, म्हणून आधी तो घेऊ. पुढच्या पाळीच्या पहिल्या लॉटपासून, जे माप घेतलं नाही त्याच्या रकान्यात आडवी रेघ मारा, पुढे 'मोजले नाही' लिहा, सही आणि वेळ टाका. बाकीचं ठरवायला आठवडा लागला तरी चालेल, हे मात्र लगेच. अपुरा रिपोर्ट पुढे सोडायचा की थांबवायचा, हे कुणाला तरी स्वतःच्या नावाने ठरवावं लागतं. आकडा भरलात की ते तुमच्या सहीखाली ठरून गेलेलं असतं आणि साहेबांचं नाव कागदावर कुठेच येत नाही.

'आकडे टाकणं' या एकाच नावाखाली वेगवेगळी कामं चालतात. न मोजता भरणं हे एक. मोजलं, ड्रॉइंगने ठरवलेल्या हद्दीबाहेर आलं आणि हद्दीतला आकडा लिहिला, हे दुसरं आणि कितीतरी गंभीर, कारण माल खराब आहे हे तेव्हा ठाऊक असतं. हद्दीबाहेरचा माल ग्राहकाला कळवून, त्याची लेखी परवानगी घेऊन पाठवणं हे तिसरं. त्यात गैर काहीच नाही, तो डेव्हिएशनचा रीतसर मार्ग आहे. पत्रावरून तुम्ही पहिल्या प्रकारात आहात. तिथून दुसऱ्यात जायला फार लागत नाही. महिनाभर २० मिमी बोअरला (भागातल्या भोकाला) २०.०१० च्या आसपासचे आकडे लिहून झालेत, एका दिवशी खरंच गेज, म्हणजे मोजायचं साधन, लावला आणि हद्दीबाहेरचं २०.०२४ आलं. आता मागच्या सगळ्या रिपोर्टांत हे एकटं कसं लिहायचं? असं वाटतं त्याच क्षणी आकडा बदलला जातो. अशा माणसाला 'मी मोजलेलं कधी बदलत नाही' ही स्वतःबद्दलची खात्री फारशी उपयोगी पडत नाही.

भरलेले आकडे ओळखू येत नाहीत, असंही समजू नका. २० मिमी एच७ बोअरची (एच७ म्हणजे मापातल्या फरकाची एक ठरीव श्रेणी) हद्द २०.००० ते २०.०२१. बोरिंगचा इन्सर्ट, म्हणजे भोक कापणारं पातं, झिजत जातो तसं बोअर लहान होत जातं: २०.०१७, २०.०१३, २०.००९, २०.००५. मग ऑपरेटर मशीनला तेवढी दुरुस्ती (ऑफसेट) देतो आणि आकडा एकदम वर जातो. खरी मापं अशी उतरत येतात आणि उडी मारतात. मनाने लिहिलेली मधल्या पट्ट्यात घुटमळतात, कारण लिहिणारा हद्दीजवळ जायला बिचकतो. ग्राहकाच्या सप्लायर क्वालिटीवाल्याने महिन्याचे रिपोर्ट एकाखाली एक मांडले की त्याला गेज लावायचीही गरज पडत नाही. आणि ज्या तारखेला तो बोअर गेज कॅलिब्रेशनला (अचूकता तपासायला) बाहेर होता, त्याच तारखेला त्याच नंबरच्या गेजने घेतलेली मापं रिपोर्टवर असतील, तर ऑडिटमध्ये सारवासारव करायलाही जागा उरत नाही.

आता तुम्हीच दिलेले आकडे मांडून बघा. पाच नग, बारा मापं, म्हणजे लॉटला ६० मापं. एका मापाला सरासरी ३० सेकंद धरली तर अर्धा तास. नग पुसणं, गेज शून्यावर लावणं, लिहिणं यांना १५ मिनिटं. एक लॉट ४५ मिनिटं, सहा लॉट साडेचार तास. चार मशीनची फेरी, मशीनमागे १५ मिनिटं, पाळीत चार फेऱ्या: चार तास. एकूण साडेआठ तास. आठ तासांच्या पाळीतून अर्धा तास जेवण आणि दहा-दहा मिनिटांचे दोन चहा वजा केले की उरतात ७ तास १० मिनिटं. म्हणजे रोज १ तास २० मिनिटांचं काम कागदावर होतं आणि प्रत्यक्षात होऊच शकत नाही. त्या जागेवर कितीही सचोटीचा माणूस बसवला तरी एक तर गाडी उशिरा सुटेल, नाही तर आकडे खोटे पडतील. ही तूट कुणीही मांडून बघितलेली नाही आणि ती तुमच्या इन्स्पेक्टरच्या पेनातून भरून निघते आहे.

आता घडणीचा प्रश्न. तुमच्या घरी प्रामाणिकपणा रोख रकमेशी बांधलेला होता. कंडक्टरच्या घरात ते साहजिक आहे: डेपोत वेबिल (तिकीटविक्रीचा नोंदकागद) आणि रोकड जुळली पाहिजे, कमी पडली तर पदरची भरायची. रुपया चोरणं म्हणजे काय, हे त्या शिकवणीत अगदी स्पष्ट आहे. रिपोर्टमधला आकडा मात्र रुपयासारखा दिसत नाही. कुणाच्या खिशातून काही गेलं नाही, तुमच्या खिशात काही आलं नाही, म्हणून टोचणी लागायला तीन महिने गेले. याच घरात दुसरीही शिकवण मिळाली: साहेबाला उलट बोलायचं नाही. एका पगारावर चालणाऱ्या घरात ही शिकवण हिशेबातून येते, भित्रेपणातून नाही. वरच्याशी वाकडं झालं तर चूल कशी पेटायची, हा प्रश्न तिथे खरा असतो. रोज संध्याकाळी गाडी लागते तेव्हा या दोन्ही शिकवणी एकमेकींसमोर उभ्या राहतात, आणि साहेब समोर असल्यामुळे दुसरी जिंकते.

दुकानवाला मुलगा तुमच्यापेक्षा प्रामाणिक आहे, असं मी मानत नाही. गल्ल्यावर बसून त्याने लहानपणापासून 'नाही परवडत' हे रोज ऐकलं आणि म्हटलं आहे. नाही म्हणण्यात समोरच्याचा अपमान असतो, असं त्याला वाटतच नाही. शिवाय नोकरी गेली तर दुकान आहे. म्हणजे त्याच्याकडे दोन गोष्टी आहेत, बोलायची सवय आणि पाठीशी आधार, आणि दोन्ही तुम्हाला मिळवता येतात. त्याचीही एक बाजू उघडी असेल. टूलच्या व्हेंडरने दिवाळीला पाठवलेलं चांदीचं नाणं त्याला धंद्यातली नेहमीची रीत वाटू शकतं. तुमच्या हातात ते दिलं तर तुम्हाला चटका बसेल. माणूस कुठल्या घरातून आला यावरून तो चांगला की वाईट हे कळत नाही, त्याला कुठे टोचतं आणि कुठे टोचत नाही एवढं कळतं.

तुमच्या घरातलीच एक गोष्ट इथे उपयोगाची आहे. ट्रे-तिकिटांच्या काळात कंडक्टरला तिकिटांचे नंबर वेबिलावर त्या त्या टप्प्यालाच चढवावे लागत; मागचे टप्पे कोरे ठेवून शेवटच्या स्टॉपवर सगळं एकदम भरणारा तपासणीत सापडत असे. का, ते वडिलांना विचारा. मोजलं त्या क्षणी लिहायचं, हा तुमच्या गेजचाही नियम आहे.

साहेबांचा वाटा यापेक्षा मोठा आहे, पण तो त्यांच्या स्वभावात शोधू नका. सकाळच्या मीटिंगमध्ये ते पहिला प्रश्न कोणता विचारतात आणि वाईट बातमी आणणाऱ्याचं पुढे काय होतं, एवढं आठवडाभर बघा. रोजचा पहिला प्रश्न 'किती नग गेले?' असेल आणि लॉट अडवणाऱ्याला सगळ्यांसमोर 'तूच एक शहाणा' ऐकावं लागत असेल, तर भिंतीवरच्या क्वालिटी पॉलिसीत काहीही लिहिलेलं असो, लोक मीटिंगमधून शिकतात. 'खोटं लिहा' असं सहसा कुणी सांगत नाही. 'बघून घे', 'ॲडजस्ट कर', 'आकडे टाक' एवढ्यावर काम होतं.

जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचचं प्रकरण म्हणूनच समजून घेण्यासारखं आहे. स्विच फिरायला ठरल्यापेक्षा कमी जोर लागायचा. धक्का बसला की चालत्या गाडीचं इंजिन बंद पडायचं आणि एअरबॅग उघडायच्या नाहीत. २००६ मध्ये स्विचमध्ये सुधारणा झाली, पण पार्ट नंबर तोच ठेवला गेला. त्यामुळे जुन्या गाड्यांत दोष आहे आणि नव्यांत का नाही, हे शोधणाऱ्यांना पुढे कित्येक वर्षं उमगलं नाही. रिकॉल २०१४ मध्ये सुरू झाला. भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. कंपनीनेच करवलेल्या चौकशीच्या अहवालात दोन सवयी नोंदल्या आहेत: मीटिंगमध्ये सगळ्यांनी उपायाला मान डोलवायची आणि बाहेर पडल्यावर कुणीच काही करायचं नाही, आणि हाताची घडी घालून जबाबदारी पलीकडच्याकडे दाखवायची. २००८ च्या एका अंतर्गत प्रशिक्षणात तर 'डिफेक्ट' हा शब्दच लिहू नका, 'डिझाइनप्रमाणे काम करत नाही' असं लिहा, असं शिकवलं होतं. ज्या ठिकाणी दोषाला दोष म्हणता येत नाही, तिथे तो वर पोचायला वर्षं लागतात.

डायहात्सू या जपानी मोटार कंपनीचं प्रकरण तुमच्या परिस्थितीला आणखी जवळचं आहे. डिसेंबर २०२३ मध्ये बाहेरच्या चौकशी समितीने ६४ मॉडेल्समध्ये मान्यतेसाठीच्या चाचण्यांचे १७४ गैरप्रकार उघड केले. सर्वांत जुना १९८९ चा होता. काही चाचण्यांत एअरबॅग सेन्सरने उघडायला हवी, ती टायमर लावून उघडली होती. समितीने मुख्य जबाबदारी व्यवस्थापनावर टाकली: मॉडेल काढण्याचं वेळापत्रक इतकं घट्ट होतं की चाचणी नापास होणं परवडतच नव्हतं आणि खालच्यांना 'जमणार नाही' म्हणायची सोय नव्हती. तुमचे १ तास २० मिनिटं हे त्याच जातीचं वेळापत्रक आहे.

आता साहेबांशी बोलणं. गाडी लागलेली असताना बोलू नका. तेव्हा तुमचं म्हणणं कितीही रास्त असलं तरी ते आडमुठेपणासारखं ऐकू येतं. सकाळच्या मीटिंगनंतर दहा मिनिटं एकट्याने मागा. वर मांडलेला हिशेब एका कागदावर न्या. वाक्य साधं ठेवा: "साहेब, सहा लॉटचे पूर्ण रिपोर्ट एका पाळीत बसत नाहीत, हा हिशेब बघा. काय कमी करायचं ते तुमच्याबरोबर ठरवायचंय. तोपर्यंत जे मोजलं जाणार नाही ते मी कोरं सोडणार आहे." पहिली दोन वाक्यं मदत मागणारी आहेत, तिसरं मात्र सांगणारं आहे, त्याला 'चालेल का?' जोडू नका. ॲडव्हान्सचा विषय त्यांनी काढला तर त्याबद्दल मनापासून आभार माना आणि पुन्हा कागदावर या. त्यांनी केलेली मदत खरी आहे, ती विसरायचं कारण नाही. पण आकडे तुमच्या सहीचे आहेत, आणि उद्या ग्राहकाने विचारलं तर त्यांना वाचवणारे रिपोर्ट हे नव्हेत.

नुसती तक्रार नेऊ नका, पर्याय न्या. बोअर लाइनवर आधीच बोअर गेजने मोजला जात असेल तर शेवटच्या तपासणीत गो-नो गो प्लग गेज पुरेल: एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. एका नगाला पाच सेकंद. मात्र तिथे आकडा लिहायचा नाही, 'गो-नो गो ओके' एवढंच. बारापैकी कुठल्या मापांवर ग्राहकाची खास खूण आहे ते ड्रॉइंगवर बघा. ती कधीही सोडायची नाहीत. उरलेल्यांपैकी काही दर लॉटऐवजी आठवड्याला एकदा घेता येतील, पण त्यासाठी कंट्रोल प्लॅन (काय, किती वेळा तपासायचं याचा ठरलेला आराखडा) बदलून ग्राहकाची मंजुरी लागते, ती आपल्याआपण ठरवायची गोष्ट नाही. महिनाअखेरच्या पाच दिवसांसाठी जादा माणूस मागा. साहेबांनाही वर तोंड द्यायचं असतं. त्यांच्या हातात कागद दिलात तर त्यांना वर बोलायला काहीतरी मिळेल.

एवढं करूनही 'टाक रे आकडे' आलं तर म्हणा, "साहेब, अपुऱ्या तपासणीवर हा लॉट पाठवायला मेलवर हो द्या, मी लगेच सोडतो." मेल आली नाही तर संध्याकाळी तुम्हीच तीन ओळी पाठवा: अमुक लॉट, अमुक मापं झाली नाहीत, तोंडी सूचनेप्रमाणे माल अमुक वाजता गेला. भाषा कोरडी, विशेषणं नकोत. तुमच्या कंपनीकडे आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाचं प्रमाणपत्र असेल, तर त्याचं कलम ५.३.२ उघडून वाचा: मालाच्या गुणवत्तेची जबाबदारी असणाऱ्यांना डिस्पॅच आणि उत्पादन थांबवण्याचा अधिकार द्या, असं ते वरिष्ठ व्यवस्थापनाला सांगतं. म्हणजे लॉट थांबवणं ही तुमची आगळीक ठरत नाही.

सगळ्यात अवघड भाग मागच्या तीन महिन्यांचा, आणि तो टाळता येणार नाही. न मोजता गेलेल्या लॉटची यादी करा. त्यांतलं कुठलं माप ब्रेक, स्टिअरिंग किंवा अशा सुरक्षेच्या भागाचं आहे, ते आधी वेगळं काढा. स्टोअरमध्ये पडून असलेला माल होल्ड करून मोजा. गेलेल्या लॉटसाठी लाइनवरच्या फेरीच्या नोंदी आणि पहिल्या नगाचे रिपोर्ट काढा. ते खरे असतील तर बराच भार हलका होईल. सगळं हद्दीत निघालं तर ती नोंद साहेबांकडे द्या. हद्दीबाहेर काही सापडलं तर ग्राहकाला तातडीने कळवणं त्याच मानकाच्या ८.७.१.६ प्रमाणे बंधनकारक आहे आणि ते क्वालिटी हेडमार्फतच झालं पाहिजे. सरकारने अधिसूचित केलेला सुरक्षा-महत्त्वाचा भाग निकषात न बसताही विकला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा भागामागे एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. इथे कुणाच्याही सांगण्यावरून गप्प बसू नका.

साहेबांनी दाद दिली नाही तर पायऱ्या चुकवू नका: क्वालिटी हेड, मग प्लँट हेड, मग कंपनीची तक्रार यंत्रणा. आयएटीएफच्या ५.१.१.१ प्रमाणे अशा तक्रारी वर नेण्याचं धोरण कंपनीकडे असायलाच हवं. एचआरकडे त्याची प्रत मागा. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, जनतेकडून ठेवी घेत असेल किंवा बँका आणि सार्वजनिक वित्तसंस्थांचं ५० कोटींपेक्षा जास्त कर्ज असेल, तर कंपनी कायद्याच्या कलम १७७ प्रमाणेही ती यंत्रणा सक्तीची आहे आणि तक्रारदाराचा छळ होऊ नये याची तरतूद तिच्यात असावी लागते. २०१४ च्या जागल्यांच्या (व्हिसलब्लोअरच्या) संरक्षण कायद्यावर विसंबू नका. तो सरकारी सेवकांविरुद्धच्या तक्रारींसाठी आहे. आणि एक चूक हमखास होते ती करू नका: पुराव्यासाठी ड्रॉइंग किंवा रिपोर्टचे फोटो मोबाइलवर काढणं, पेन ड्राइव्हवर फाइल घेणं, मित्रांच्या ग्रुपवर टाकणं. त्याच कारणाने तुम्हाला काढता येतं आणि मूळ विषय बाजूला पडतो. तारीख, लॉट नंबर, कोण काय म्हणालं, एवढं स्वतःच्या वहीत त्याच दिवशी लिहा.

दुकानवाल्याच्या आधाराचं म्हणाल तर तो तुम्हाला बँकेत उभा करावा लागेल. घरखर्चाचे निदान तीन महिन्यांचे पैसे वेगळ्या खात्यात साठेपर्यंत नवा हप्ता अंगावर घेऊ नका. नेमणूकपत्रातला नोटीस पिरियड आणि बाँड पुन्हा वाचा, पगाराच्या स्लिपा घरी ठेवा. खात्यात तेवढे पैसे असले की साहेबांसमोर आवाज कमी कापतो.

राहिले तुमचे दोन इन्स्पेक्टर. तुम्ही पत्रात साहेबांबद्दल जे लिहिलंत, ते ते दोघे तुमच्याबद्दल लिहू शकतील. त्यांचे साहेब तुम्ही आहात, आणि ते कंत्राटी असतील तर त्यांची भीती तुमच्यापेक्षा जास्त आहे. दोघांना एकत्र बसवून सांगा की आकडे भरायला लावणं चूक होतं, ते माझ्या समोर चाललं आणि यापुढे कोऱ्या रकान्याचं उत्तर मी देईन. मग त्यांच्यापैकी कुणी पहिलं रिजेक्शन घेऊन येईल, तेव्हा तुमच्या तोंडून 'नीट मोजलंस ना?' निघू देऊ नका, कारण तेवढ्यावरून तो पुढच्या वेळी गप्प बसायचं शिकेल. त्याच्याबरोबर टेबलाशी जा, गेज सेटिंग रिंगवर (अचूक माप माहीत असलेल्या कड्यावर) लावून बघा, नग दोघांनी मोजा, लॉटला लाल टॅग लावा. गाडीला उशीर झाला म्हणून स्टोअरवाला त्याच्यावर ओरडला तर मध्ये तुम्ही उभे राहा. आणि पहिल्या कोऱ्या रकान्याच्या पाळीला त्याच्या शेजारी बसून एक लॉट पूर्ण मोजा, घड्याळ लावून. मी ३० सेकंद अंदाजाने धरली आहेत. तुमच्या टेबलावर जो वेळ खरा निघेल, तोच साहेबांकडे न्यायच्या कागदावर लिहा.